वाचकांचे प्रश्न : खिडकीतला एसी आणि काळोखात शिरणारा उजेड

शेवंती, पॉइन्सेटिया, कलांचो या झाडांना फुलायला लांब, अखंड रात्र लागते. ती बंदिस्त खोलीत दिव्यांखाली वाढवणाऱ्या वाचकांचे प्रश्न पुन्हापुन्हा एकाच जागी येऊन थांबतात, ती जागा म्हणजे खिडकीतला एसी. तो काढता येत नाही, कारण दिव्यांची उष्णता बाहेर टाकायला तोच आहे. आणि तो बसवला की खिडकी पूर्वीसारखी मिटत नाही. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या खोलीत शेवंती आहे. दिवसा उष्मा फार असतो, म्हणून दिवे रात्री लावतो आणि सकाळी ८ ते रात्री ९ असा १३ तास अंधार ठेवतो. पण एसीच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या घडीदार पट्ट्या दुपारी कंदिलासारख्या उजळतात आणि कडांमधून तिरिपा येतात. काळी चिकटपट्टी लावली तर आठवड्याभरात सुटते. कायमचा उपाय काय?

उत्तर : चिकटपट्टी सुटते यात पट्टीचा दोष थोडा, जागेचा जास्त. एसीचा पत्रा चालू असताना गार पडतो आणि बंद झाल्यावर कोमट होतो. त्यावर दव धरतं आणि यंत्र थरथरत राहतं. ओल्या, थरथरत्या पत्र्यावर कुठलाच गोंद फार काळ टिकत नाही. म्हणून ही फट चिकटवून नव्हे, दाबून बंद करायची.

घडीदार पट्ट्यांचं काम मुळात उजेड अडवण्याचं नाहीच. त्या पातळ, अर्धपारदर्शक असतात आणि ढोबळपणे वारा थोपवतात. त्यांना काळा रंग दिला तर घड्यांच्या कडांवर तो तडकतो. त्या आहेत तशा राहू द्या आणि खोलीच्या बाजूने संपूर्ण खिडकीवर एक फळी बसवा. फक्त एसीच्या आसपासचा भाग झाकण्यापेक्षा अख्खी खिडकी झाकणं सोपं पडतं. वर-खाली सरकणाऱ्या तावदानांच्या खिडकीत खालचं तावदान उचललं की त्याच्या आणि वरच्या तावदानाच्या मध्ये सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची फट आडवी पसरते. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एसीबरोबर मिळणारी स्पंजाची पट्टी तिथे खुपसलेली असली, तरी तिच्यातून हवाही जाते आणि उजेडही.

फळी १२ मिमी प्लायवूडची घ्या. खिडकीच्या उघड्या मापापेक्षा चारही बाजूंनी ५ सेमी मोठी, म्हणजे ती भिंतीवर टेकेल. तिच्यात एसीपुरता चौकोन कापायचा. माप घेताना समोरची प्लॅस्टिकची जाळी मोजू नका, तिच्या मागचा पत्र्याचा खोका मोजा. जाळी बऱ्याचदा खोक्याहून रुंद असते आणि तिच्या मापाने कापलं तर फट हवी त्यापेक्षा मोठी होते. समजा खोका ४६ सेमी रुंद आणि ३३ सेमी उंच आहे, तर चौकोन ४७.६ बाय ३४.६ सेमीचा कापा. चारही बाजूंना ८ मिमी जागा राहील. तिच्यात १२ मिमी जाडीची काळी रबर-फोम पट्टी बसवा, म्हणजे ती एक तृतीयांश दाबली जाईल. एवढा दाब हवा आणि उजेड दोन्ही अडवायला पुरतो. पट्टी निम्म्याहून जास्त दाबली तर काही महिन्यांत ती चपटी होते आणि परत फुगत नाही. अगदी सैल ठेवली तर कोपऱ्यांत तिरीप राहते. कोपऱ्यावर पट्टी वाकवू नका, तिथे ती ताणून पातळ होते. चार वेगळे तुकडे कापून टोकाला टोक भिडवा.

फोम बंद छिद्रांचा हवा. ओळखायची खूण अशी, की तुकडा ओठांना लावून फुंकर मारली तर हवा पलीकडे जाता कामा नये. मग त्यामागे टॉर्च धरून बघा. पांढरा फोम बंद छिद्रांचा असला तरी उजळतो. काळाच घ्या.

जाळी रुंद असल्यामुळे अखंड फळी समोरून सरकवता येत नाही. म्हणून ती चौकोनाच्या मध्यातून आडवी कापून दोन तुकडे करा. सांध्यावर ४ सेमी रुंदीची लाकडी पट्टी वरच्या तुकड्याला स्क्रूने पक्की करा आणि खालच्या तुकड्यावर तिला नुसती टेकू द्या. पुढे एसी दुरुस्तीला काढायचा झाला तर फळी दोन मिनिटांत उतरते.

फोमच्या पुढे दुसरा अडथळा लागतो, कारण एकच सांधा कधी ना कधी हलतो. चौकोनाच्या कडेने, खोलीच्या बाजूला, ४ सेमी रुंद काळ्या रबराची झालर लावा. तिची मोकळी कड एसीच्या पत्र्यावर हलकी टेकलेली असावी. फोममधून निसटलेला किरण झालरीवर आपटतो. उजेड सरळ रेषेत जातो, त्याला वळायला लावलं की तो थकतो. चांगला मॅट काळा रंग पडलेल्या उजेडाचा साधारण ५ टक्के भाग परत फेकतो. असे दोन धक्के बसले की चारशेतला एक भाग उरतो. म्हणून चौकोनाच्या भोवती, फळीच्या दोन्ही बाजूंना, १० सेमी रुंदीचा पट्टा मॅट काळा रंगवा. चकचकीत काळा चालत नाही, तो आरशासारखा उजेड पुढे ढकलतो. खोलीकडचा बाकीचा भाग पांढरा ठेवला तर दिवे चालू असताना झाडांना त्याचा उपयोगच होतो.

फळी भिंतीला रावळप्लग आणि स्क्रूने, दर ३० सेमीवर एक, अशी आवळा. तिच्या बाहेरच्या कडेलाही भिंतीकडून फोमची पट्टी हवी, कारण गिलावा कधीच अगदी सपाट नसतो. स्क्रू एसीच्या खोक्यात मात्र एकही मारू नका. पत्र्यामागे वायूच्या तांब्याच्या नळ्या आणि कॉइल असते. एक छिद्र पडलं की वायू गेला आणि यंत्रही गेलं.

आता फळी नेमकी कुठे बसते ते तपासा. चुका सर्वांत जास्त इथेच होतात आणि त्या महाग पडतात. एसीच्या खोक्याच्या बाजूंना आणि काही यंत्रांत वरही, मागच्या अर्ध्या भागात, झरोक्यांच्या रांगा असतात. त्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि तापून मागच्या कॉइलमधून बाहेर फेकली जाते. हे झरोके पूर्णपणे खिडकीबाहेर, मोकळ्या हवेत हवेत. फळी, फोम, घडीदार पट्टी यांपैकी काहीही त्यांच्यावर येता कामा नये. कॉम्प्रेसरला उष्णता टाकायला जागा मिळाली नाही तर दाब चढतो, यंत्र तापून आपोआप बंद पडतं, थंड झालं की पुन्हा चालू होतं, आणि अशा फेऱ्यांत लवकर निकामी होतं.

शेवटी ढाळ बघा. दवाचं पाणी बाहेर वाहून जावं म्हणून खिडकीचा एसी बाहेरच्या बाजूला किंचित कललेला असतो, बहुतेक यंत्रांत ५-६ मिमी. नेमका आकडा त्याच्या पुस्तिकेत असतो. फळी आवळताना खालची फोम पट्टी जाड पडली तर हा ढाळ बदलतो. पाणपातळी (स्पिरिट लेव्हल) ठेवून आधी आणि नंतर, दोनदा मोजा. ढाळ आतल्या बाजूला झाला तर पाणी फळीवर उतरतं आणि प्लायवूड फुगतं. प्लायवूडच्या कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात द्यायला विसरू नका, पाणी सगळ्यात आधी तिथूनच शिरतं.

प्रश्न : अंधार पुरेसा झाला हे कसं ओळखायचं? मोबाइलवरचं लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजणारं अ‍ॅप शून्य दाखवतं, तरी खोलीत हात दिसतो.

उत्तर : हात दिसतो तर उजेड आहे. मोबाइलचा सेन्सर पडद्याची चमक कमी-जास्त करण्यासाठी असतो, त्याचं शून्य हे खरं शून्य नव्हे. साध्या लक्समीटरची खालची पायरीही अनेकदा १ लक्सची असते. ०.१ किंवा ०.०१ लक्सपर्यंत वाचणारा मीटर असेल तर झाडांच्या शेंड्याच्या उंचीवर, त्याचं तोंड एसीकडे करून मोजा.

काही आकडे डोळ्यांसमोर असू द्या. शेवंती फुलू नये म्हणून उत्पादक रात्री मुद्दाम दिवे लावतात, तेव्हा सुमारे १०० लक्स उजेड देतात. उलट, फुलं यावीत म्हणून झाडं काळ्या कापडाने झाकतात, तेव्हा कापडाखाली तो २० लक्सच्या वर जाऊ नये असं सांगितलं जातं. पॉइन्सेटिया त्याहून नाजूक आहे. पौर्णिमेचं चांदणं साधारण ०.१ ते ०.३ लक्स असतं आणि त्याने या झाडांचं काही बिघडत नाही. बंद खोलीसाठी आम्ही १ लक्सची मर्यादा सुचवतो. ती गाठणं अवघड नाही आणि तिच्या खाली चिंता करायचं कारण उरत नाही.

मीटर नसेल तर डोळे वापरा, पण त्यांना वेळ द्या. काळोखाला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. पाच मिनिटांत 'अंधार आहे' म्हणणारे बहुतेक जण फसतात. भर दुपारी, बाहेर ऊन असताना, दिवे आणि एसीचा डिस्प्ले बंद करून झाडांच्या मधोमध बसा. अर्ध्या तासानंतर एसीच्या बाजूला काय उजळतं ते बघा आणि पांढऱ्या खडूने खुणा करा. मग खाली वाका, उभे राहा, दोन्ही कोपऱ्यांत जा. तिरीप एका जागेवरून दिसते आणि दुसरीकडून लपते. झाड कुठे आहे तिथून बघणं महत्त्वाचं.

याचीच उलट चाचणी आणखी सोपी आहे. रात्री खोलीतले दिवे पूर्ण लावा आणि बाहेर अंधारात जाऊन खिडकीकडे बघा. ज्या फटीतून उजेड बाहेर येतो तिच्यातूनच दिवसा आत जातो. वरच्या मजल्यावर असाल तर बाहेरून डोकावण्याचा धोका पत्करू नका, आतूनच तपासा.

फट केवढी असली म्हणजे त्रास होतो, याचाही हिशेब मांडता येतो. १ मिमी रुंद आणि ४० सेमी लांब फट म्हणजे ४ चौरस सेमी. तिच्यावर दुपारचं थेट ऊन, सुमारे १,००,००० लक्स, सरळ पडलं तर आत एकूण ४० लुमेन उजेड शिरतो (एक लुमेन एका चौरस मीटरवर पसरला की एक लक्स). ३ बाय ३ मीटरची, २.५ मीटर उंचीची खोली असेल तर भिंती, छत, जमीन मिळून ४८ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. भिंती पांढऱ्या आणि ८० टक्के उजेड परत फेकणाऱ्या असतील तर तो उजेड आपटत आपटत खोलीभर ३ लक्सच्या पुढे जातो. आणि ज्या झाडावर ती तिरीप थेट पडते, त्याच्या पानांवर हजारो लक्स. खिडकी सावलीतली असेल, बाहेर १०,००० लक्स असतील, तर तीच फट खोलीत एक तृतीयांश लक्स देते. म्हणून थेट ऊन येणाऱ्या खिडकीत दोन अडथळे लागतात, सावलीतल्या खिडकीत चांगला फोमही पुरतो.

प्रश्न : आम्ही अंधाराच्या वेळी एसीवर पुढून जाड काळी चादर टाकायचो. उजेड थांबला, पण एसीच्या कॉइलवर बर्फ जमला आणि खोली गरम होऊ लागली. चादर विरळ घ्यावी का?

उत्तर : चादरच नको, जाड नको आणि विरळही नको. पुढची जाळी हे यंत्राचं नाक आणि तोंड दोन्ही आहे. खोलीतली हवा तिच्या एका भागातून आत ओढली जाते आणि दुसऱ्या भागातून गार होऊन बाहेर पडते. चादर टाकली की कॉइलवरून जाणारी हवा कमी होते, कॉइल गोठणबिंदूच्या खाली जाते आणि तिच्यावर दवाचा बर्फ होतो. बर्फामुळे हवा आणखी अडते. शिवाय बाहेर पडलेली गार हवा चादरीच्या आत फिरून परत आत ओढली जाते, थर्मोस्टॅटला खोली गार वाटते आणि कॉम्प्रेसर वेळेआधीच थांबतो. झाडांजवळ मात्र तापमान चढत राहतं.

हे तापमान शेवंतीला महागात पडतं. अंधाराच्या काळात खोली २७ अंश सेल्सियसच्या वर राहिली तर कळी धरायला उशीर होतो, आणि तो उशीर उजेडामुळे झाला असं वाटून माणूस आणखी झाकाझाकी करत बसतो. पॉइन्सेटियाला तर २४ अंशांच्या वरची रात्रही जड जाते. तेव्हा काळोख आणि गारवा दोन्ही एकाच वेळी हवेत. एकासाठी दुसऱ्याचा बळी देऊन चालत नाही.

बर्फ जमला असेल तर यंत्र बंद करून फक्त पंखा चालू ठेवा, पूर्ण वितळू द्या, गाळणी धुऊन वाळवून बसवा. बर्फ टोकदार वस्तूने खरवडू नका.

एसीच्या दिशेने येणारा उजेड समोरून अडवायचाच असेल तर चादर यंत्रावर न टाकता त्याच्यापासून किमान १ मीटर पुढे, छतापासून पडद्यासारखी सोडा. ती एसीच्या तोंडापेक्षा चारही बाजूंनी ३० सेमी मोठी असावी. खाली आणि दोन्ही बाजूंना हवेला वाट मोकळी ठेवा. झाडांच्या आणि एसीच्या मध्ये थेट दृष्टिरेषा उरली नाही की काम झालं. एसीकडचं कापड मॅट काळं असू द्या. पडदा लावल्यावर झाडांच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून दोन-तीन दिवस तापमानाची नोंद करा. ते वाढलं तर पडदा एसीपासून आणखी लांब घ्या.

प्रश्न : कडा पूर्ण बंद केल्या. तरी एसी बंद असताना त्याच्या जाळीतूनच फिकट उजेड दिसतो. यंत्राच्या आरपार उजेड येऊ शकतो का?

उत्तर : येऊ शकतो. खोक्याच्या आत खोलीचा भाग आणि बाहेरचा भाग यांच्या मध्ये पत्र्याची किंवा फोमची आडभिंत असते, पण ती सलग नसते. दोन्हीकडचे पंखे बहुधा एकाच मोटरवर असतात, त्यामुळे तिच्या दांड्यासाठी आडभिंतीत भोक असतं. नळ्या आणि तारा जातात तिथेही भोकं असतात. बाहेरचा उजेड मागच्या कॉइलच्या पत्र्यांमधून आणि बाजूच्या झरोक्यांतून शिरून या भोकांपर्यंत पोहोचतो.

पण आधी हवा बदलणारी झडप बघा. पुष्कळ एसींमध्ये खोलीतली हवा बाहेर सोडणारी किंवा बाहेरची आत घेणारी छोटी झडप असते आणि तिची दांडी पुढच्या जाळीजवळ असते. दांडी 'बंद' वर आहे ना ते बघा. बंद असूनही उजळत असेल तर झडपेची फोमची कड झिजलेली असते. ती कड बदलायला लावा.

आडभिंतीच्या सांध्यांवर आतून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल टेप लावता येते. ती पूर्ण अपारदर्शक असते आणि पुसून कोरड्या केलेल्या पत्र्यावर चांगली धरते. मात्र हे काम एसीची सर्व्हिसिंग चालू असताना तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते, आणि मोटरच्या दांड्याभोवती टेप लागली तर ती गुंडाळली जाते. दांड्याचं भोक तसंच सोडायचं. पाणी वाहून जायच्या वाटाही बुजवायच्या नाहीत, मग त्यांतून थोडा उजेड आला तरी चालेल.

राहिलेला उजेड बाहेरून कमी करा. एसीच्या वर, ३० सेमी जागा सोडून, पुढे आलेली पत्र्याची छपरी लावा. मागची आणि दोन्ही बाजू उघड्या. यंत्रावर पडणारं ऊन थांबलं की आरपार येणारा उजेड आपोआप उतरतो, आणि मोकळ्या हवेत सावली मिळाली तर कंडेन्सरलाही, म्हणजे उष्णता टाकणाऱ्या मागच्या कॉइललाही, बरंच. पण छपरीच्या निमित्ताने चारी बाजूंनी ताडपत्री सोडाल तर वर सांगितलेली कॉम्प्रेसरची गत होईल. यानंतरही जो फिकट उजेड उरेल त्याला मघाशी सांगितलेला, १ मीटर पुढचा पडदा पुरे आहे.

प्रश्न : एसीच्या वरच्या काचेला आतून काळं प्लॅस्टिक चिकटवलं होतं. उन्हाळ्यात काच मधोमध तडकली. कारण काय असेल?

उत्तर : काळं प्लॅस्टिक काचेला चिकटून असलं की ऊन शोषून तापतं आणि काचेचा मधला भाग तापवतं. चौकटीत लपलेली कड मात्र गार राहते. मधला भाग प्रसरण पावू बघतो, कड त्याला धरून ठेवते, आणि कापताना कडेला राहिलेल्या एखाद्या बारीक टवक्यापासून तडा सुरू होतो. रंगीत, जाळी घातलेल्या आणि दुहेरी काचेत हा धोका जास्त असतो. एसीचा गार झोत त्याच काचेवर आपटत असेल तर तापमानातला फरक आणखी वाढतो.

काचेवर थेट काही चिकटवू नका. फळी आणि काच यांच्यात ३ ते ५ सेमी अंतर ठेवा आणि फळीच्या काचेकडच्या बाजूला चमकदार फॉइल असलेला २५ मिमी जाडीचा इन्सुलेशन बोर्ड लावा, फॉइल बाहेरच्या बाजूला. ऊन परत जातं, फळी तापत नाही आणि एसीवरचा भारही कमी होतो. दोन रंगांची काळी-पांढरी फिल्म वापरत असाल तर पांढरी बाजू उन्हाकडे. एसीच्या चौकोनाभोवतीचा १० सेमीचा काळा पट्टा तेवढा तसाच राहू द्या.

फळीच्या मागे ओल धरते का, हे महिन्यातून एकदा बघावं. बाहेरची दमट हवा गार फळीपर्यंत पोहोचली की तिथे पाणी सुटतं आणि काळी बुरशी येते. तसं दिसलं तर बाहेरच्या सांध्यांतून हवा येते आहे. घडीदार पट्ट्यांच्या कडांना आणि तावदानांमधल्या त्या आडव्या फटीत रबराची पट्टी भरा.

थर्माकोल या कामाला वापरू नका. तो उजेड आरपार सोडतो, आणि तापलेल्या दिव्यांच्या खोलीत पटकन पेट घेणारी वस्तू ठेवणं बरं नव्हे. पुठ्ठा ओलीने वाकतो. पारदर्शक सिलिकॉन उजेडाची नळी होतो, लावायचंच तर काळं लावा. फवारून फुगणारा फोम एसीच्या अंगाला तर मुळीच लावू नये. तो फुगताना चौकट वाकवतो, पत्र्याला कायमचा चिकटतो, उन्हात ठिसूळ होतो आणि पातळ जागी उजळतो.

प्रश्न : एसीच्या तापमानाचे आकडे रात्रभर चमकतात. हिरवा उजेड झाडांना दिसत नाही असं ऐकलं आहे, मग तो चालेल ना?

उत्तर : हिरवा उजेड झाडांना दिसतो. रात्र मोजणारं फायटोक्रोम हे रंगद्रव्य ६६० नॅनोमीटरच्या आसपासच्या लाल उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतं आणि हिरव्याला त्याहून पुष्कळ कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. पुरेसा तीव्र हिरवा उजेड रात्र मोडू शकतो. अंधारात काम करायचंच असेल तर मंद हिरवा दिवा, झाडांवर न रोखता, काही मिनिटांपुरता, एवढीच त्याची सवलत.

एसीचे आकडे आणि दिवे सहसा फार मंद असतात. एखाद्या मीटरवरच्या झाडांवर त्यांचा परिणाम होण्याची शक्यता कमी. तरी कुंडी एसीला खेटून असेल आणि दिवा लाल असेल तर झाकलेला बरा. रिमोटवर डिस्प्ले विझवण्याचं बटण असेल तर प्रश्नच मिटतो. नसेल तर काळ्या विद्युत टेपचे दोन थर लावा. एका थरातून उजेड झिरपतो. मात्र रिमोटचे किरण घेणारी लहान गडद खिडकी झाकू नका, आणि हवेचं तापमान मोजणारा सेन्सर जाळीमागे असतो, त्यावर टेप येऊ देऊ नका.

एक्स्टेन्शन बोर्डाचा लाल निऑन दिवा, टायमर, ओलावा शोषणारं यंत्र, पंख्याचं रेग्युलेटर यांच्याकडेही त्याच वेळी बघून घ्या. यांपैकी एखादा झाडांच्या मधोमध, पानांना चिकटून असतो आणि एसीपेक्षा जास्त उपद्रवी ठरतो.

प्रश्न : खिडकीजवळच्या एका रांगेतल्या शेवंतीला कळ्या आल्या पण उमलत नाहीत, त्यांच्याभोवती अरुंद, लांबट पानं आली आहेत. बाकीची झाडं ठीक आहेत. हे उजेडामुळेच का?

उत्तर : वर्णन उजेडाच्या गळतीशी जुळतं. कळी धरते, पण पुढे वाढायला लागणारे लांब काळोख सलग मिळाले नाहीत की ती तिथेच अडते आणि तिच्याखालून पानांच्या फुटी निघतात. एकाच रांगेत आणि खिडकीच्या बाजूलाच असणं हा मोठा पुरावा. खत किंवा पाण्याचा दोष असता तर तो असा रांगेने आला नसता. तरी गार झोत त्याच रांगेवर पडतो का, ते तपासा. गारव्याने वाढ मंदावते, पण अशी पट्टीसारखी पानं येत नाहीत.

गळती बंद करा आणि रंग दिसेपर्यंत रोज १३ तास काळोख द्या. अडकलेली कळी खुडून टाकली तर खालच्या फुटींवर नव्या कळ्या येतात. त्यांना जातीप्रमाणे आणखी ७ ते १० आठवडे लागतील. झाडांच्या जागा अदलाबदल करून गळती 'वाटून' देऊ नका. त्याने एका रांगेचं नुकसान सगळ्या खोलीत पसरतं.

प्रश्न : आम्ही लेट्यूस, टोमॅटो आणि फॅलेनॉप्सिस ऑर्किड ठेवतो. हा सगळा खटाटोप आम्हाला लागू आहे का?

उत्तर : नाही. टोमॅटोचं फुलणं रात्रीच्या लांबीवर अवलंबून नाही. लेट्यूसला लांब दिवस आणि उष्णता मिळाली तर तो दांडा टाकतो, पण फटीतल्या चार-दोन लक्सपेक्षा खोलीचं तापमान तिथे जास्त महत्त्वाचं. फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा काढायला गारवा लागतो. तुम्ही एसीच्या फटी बुजवायच्या त्या गार हवा वाचवायला. त्याला साधी फोम पट्टी पुरे, काळा रंग आणि झालर नको.

प्रश्न : हे सगळं टाळून अंधाराची वेळ रात्रीचीच ठेवली तर? आमच्या खिडकीसमोर आवारातला दिवा आहे, माणूस गेला की लागतो आणि दोन मिनिटांत विझतो. एवढ्याने काय होणार, असं वाटतं.

उत्तर : पहिला भाग अगदी योग्य. काळोख रात्रीचा ठेवला तर एसीभोवतीच्या फटीतून येणारा उजेड हजारो पटींनी कमी होतो. एसीला दुपारच्या उन्हात दिव्यांची उष्णताही उपसावी लागेल, ही त्याची किंमत. यंत्राची क्षमता तेवढी असेल तर हाच मार्ग आम्ही आधी सुचवू. काळोख संध्याकाळी ६ ते सकाळी ७ ठेवलात तर सकाळ-संध्याकाळचा संधिप्रकाश तेवढा फळीने अडवायचा राहतो.

दुसऱ्या भागाबाबत सावध राहा. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध मांडला. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या तणावर दाखवलं, की झाड खरं तर रात्र मोजतं, आणि लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड दिला तरी फुलणं थांबतं. शेवंतीचे उत्पादक याचाच उपयोग करून वीज वाचवतात. फुलं लांबवायची असतील तेव्हा रात्रभर दिवे न लावता मध्यरात्रीच्या सुमारास काही तास, दर अर्ध्या तासाला ६ मिनिटं उजेड देतात आणि झाड ते सलग उजेडासारखं मोजतं. तुमच्या आवारातला दिवा रात्रीतून दहा-पंधरा वेळा लागत असेल आणि तो उजेड एसीच्या कडेने पानांपर्यंत पोहोचत असेल, तर ती दोन-दोन मिनिटं त्याच जातीची आहेत.

तो पोहोचतो की नाही हे बघायला मोबाइल तिकाटण्यावर लावून झाडाच्या उंचीवर, एसीकडे तोंड करून ठेवा. आवारातला दिवा लागलेला असताना आणि विझलेला असताना, एक्स्पोजर हाताने १० सेकंदांवर पक्कं करून, एकेक फोटो काढा. दोन्हींत फरक नसेल तर दिवा निर्धोक. फरक दिसला तर एसीच्या कोणत्या कडेला दिसतो ते फोटोच सांगेल, आणि त्या कडेचा फोम बदलायचा. एक्स्पोजर आपोआप ठरू दिलं तर मोबाइल अंधारालाही उजळवून दाखवतो आणि तुलना फसते.

खोलीचं दार हाही त्याच हिशेबात धरा. काळोखाच्या मध्यावर दार उघडून बाहेरचा दिवा आत पडू देणं कोणत्याही फटीपेक्षा वाईट. झाडांना पाणी, खत, कीड पाहणं ही कामं दिवे चालू असतानाच उरका.